पार्ल्यातले आमचे प्लंबरदादा, नवा डिशवॉशर आणि सिंकखालचं सगळं प्रकरण

आमचा जुना डिशवॉशर ९ वर्षं चालला आणि ऐन गणपतीच्या तोंडावर त्याचा पंप गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून नवीनच घेऊ म्हटलं, मशीन आलं, कंपनीचा माणूस जोडायला आला, आणि मला वाटलं जुनं काढायचं नवीन लावायचं, अर्ध्या तासाचं काम. मशीन चांगलंय, त्याबद्दल तक्रार नाही. हा रिव्ह्यू आमच्या पार्ल्यातल्या प्लंबरदादांचा आहे, ज्यांनी नंतर येऊन सगळं निस्तरलं.

कंपनीच्या माणसाने सिंकखाली नीट टॉर्चसुद्धा मारला नाही. जुन्याच अँगल कॉकला (भिंतीतून पाणी येतं तिथली चावी) नवा पाइप लावला, नट ठिबकायला लागला तर त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने अजून आवळला, ड्रेनचा पाइप जमिनीवरून सरपटत नेऊन सिंकच्या त्या सुरकुत्यावाल्या वेस्ट पाइपात खुपसला आणि वर चिकटपट्टी. "प्लंबिंग आमच्यात येत नाही मॅडम" म्हणाला आणि सही घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन उघडलं तर तळाशी पिवळट पाणी, त्यावर तेलाचा तवंग आणि आदल्या रात्रीच्या आमटीतली मोहरी. रात्री मशीन लावलंच नव्हतं! आमटीचं पातेलं सासूबाईंनी सिंकमध्ये विसळलं होतं. शिवाय कपाटाचा प्लाय कडेने फुगलेला, तो वेगळाच.

दादांनी २ ची वेळ दिली होती, आले सव्वाचारला, फोन नाही काही नाही. पण आल्यावर आधी पाना काढला नाही, टिश्यू मागितला. सगळे जोड फडक्याने कोरडे केले, कॉक सोडला आणि एकेका जोडाला टिश्यूचा कोरडा तुकडा टेकवत गेले. "ताई, थेंब पडतो तिथे लीक असेलच असं नाही, पाणी वरून पाइपावरून ओघळत येतं." मशीनच्या पाइपाच्या नटापाशी टिश्यू भिजला. नट उघडून दाखवला तर आतला रबरी वॉशर आवळून आवळून चिरलेला. या जोडात पाणी अडवतो तो वॉशर, आटे नाहीत, त्यामुळे इथे टेफ्लॉन कितीही गुंडाळा, काही होत नाही. टेफ्लॉन लागतो अँगल कॉक भिंतीतल्या पाइपात बसतो त्या अर्धा इंची आट्यांना. मशीनचा नट पाऊण इंची, तो वॉशर घालून हाताने बसवायचा आणि पान्याने जरासाच. एवढी साधी गोष्ट मला ९ वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

जुना अँगल कॉक पूर्ण बंद करूनही पाणी येतच होतं, म्हणजे तो बदलणं आलंच. आमची बिल्डिंग जुनी, भिंतीत जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप, किचनला वेगळा मेन कॉक नाही, म्हणून गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागला (खालच्या दोन्ही घरांना आधी सांगून या, आम्ही विसरलो आणि खालच्या काकू तोंडाला साबण लावून बसल्या होत्या). मग जे बघितलं ते मी विसरणार नाही. एका पान्याने भिंतीतला निपल (कॉक ज्यावर बसतो तो आट्यांचा छोटा पाइप) घट्ट धरला आणि दुसऱ्याने कॉक तसूतसूने फिरवला, कारण गंजलेला निपल आत तुटला तर टाइल फोडण्याशिवाय इलाज नाही. पंधरा मिनिटं लागली, एकदाही झटका दिला नाही. तिथे टू-वे अँगल कॉक बसवला, एक तोंड सिंकच्या नळाला, एक मशीनला, दोन्हीला वेगळी चावी.

आता ती मोहरी. ड्रेनचा पाइप जमिनीवर पडलेला असेल तर सिंकमधलं पाणी तुंबलं की ते खालच्या वाटेने मशीनमध्ये जातं. म्हणून पाइप आधी वर, ओट्याच्या अगदी खालपर्यंत नेऊन क्लिपने अडकवायचा आणि तिथून खाली सोडायचा. खुपसायचा तर मुळीच नाही, नोजलवाला बॉटल ट्रॅप (सिंकखालचा, तळाशी पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा डबा, बाजूला पाइप जोडायचं तोंड म्हणजे नोजल) मिळतो तो लावायचा. नोजल ट्रॅपमधल्या पाण्याच्या वर येतं, त्यामुळे गटाराचा वास मशीनमध्ये येत नाही. आणि हे लक्षात ठेवा, नव्या ट्रॅपचं नोजल बहुतेक वेळा बंदच असतं, टोपण किंवा प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. आमच्यात पडदा होता, दादांनी तो कापून काढला आणि तुकडा माझ्या हातात दिला. तो राहिला असता तर मशीन पाणीच बाहेर टाकू शकलं नसतं आणि आपण कंपनीला फोन करत बसलो असतो.

अजून एक, आमच्या नव्या मशीनच्या पाइपाला नळाकडच्या टोकाला जाडसर डबा आहे, त्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, पाइपातून वायर जाते, तो पाइप लांब पडला म्हणून कधीही कापायचा नाही. जास्तीचा पाइप दादांनी मोठं वेटोळं करून ठेवला, कुठे दबणार नाही असा. आणि १६ अँपियरचा सॉकेट सिंकखाली नको, शेजारच्या कपाटात हवा, आमचा आधीपासून होता म्हणून वाचलो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी प्रेशरही विचारून घ्या, टाकी आपल्या नळापेक्षा १० मीटर उंच असेल तेव्हा साधारण १ बार (दाब मोजायचं एकक) मिळतो आणि बऱ्याच मशीनना निदान अर्धा बार लागतो.

मजुरी ९०० घेतली, सामान मला सोबत नेऊन दुकानातून घेतलं, बिलं माझ्याकडेच दिली. उशीर आणि न केलेला फोन यासाठी अर्धा स्टार कमी, पाचपैकी साडेचार. जाताना म्हणाले दोन दिवस रोज सकाळी टिश्यू लावून बघा ताई, भिजला तर पैसे न घेता येतो. आज आठवडा झाला, टिश्यू कोरडा आहे. फुगलेल्या प्लायसाठी सुतार रविवारी येतोय.