चिऱ्यात लोण्यासारखी गेलेली मशीन

मी रत्नागिरी तालुक्यात फिटिंगची कामं करतो. पंखे, गीझर, पडद्याचे रॉड, खिडकीच्या जाळ्या, अंगणातल्या पत्र्याच्या शेडचे अँगल. बावीस वर्षं झाली. हत्यारं मला कळतात असं मी समजत होतो, म्हणून हे लिहायला वेळ लागला. पण माझ्या भाच्याच्या हाताचं जे झालं ते आणखी कोणाचं होऊ नये.

आमच्याकडे बिनवायरच्या हॅमरची, म्हणजे ठोके देत काँक्रीटला भोक पाडणाऱ्या बॅटरीवरच्या ड्रिलची, गरज खरी आहे. नव्या घराला मीटर बसलेला नसतो, जुन्या घरात ऐन कामाच्या वेळी लाइट जाते. चांगल्या कंपनीची १८ व्होल्टची रोटरी हॅमर दोन बॅटऱ्या धरून वीस हजारांच्या पुढे जाते. मी वर्षभर पैसे बाजूला काढत होतो. अशात महामार्गावर चहाच्या टपरीपाशी एक राखाडी गाडी उभी दिसली. दोघं होते, बोलायला अगदी गोड. "दादा, हायवेच्या कामावरचा माल आहे. प्रोजेक्ट संपला, साहेब म्हणाले काढून टाका. बिलात दाखवता येत नाही म्हणून स्वस्त." डिकीत सहा-सात पेट्या. रंग नामांकित कंपनीचा, नाव वाचलं तर एक अक्षर इकडचं तिकडे. ते मला त्याच वेळी दिसलं होतं. चौदा हजारांपासून सुरू झाले आणि साडेआठावर आले.

मी म्हटलं, चालवून दाखवा. टपरीमागे जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत होती. त्यांतल्या एकाने बिट लावलं आणि दोन सेकंदांत चार इंच आत. लोण्यात सुरी जावी तसं. मी स्वतःही एक भोक पाडून बघितलं आणि खूश झालो.

फसवणूक नेमकी इथे झाली. जांभा सच्छिद्र दगड. खाणीतून काढल्यावर हवेने वरून कडक होतो, पण साध्या ड्रिलनेही त्याला भोक पडतं. उलट चिऱ्याच्या भिंतीत आम्ही मशीनचा ठोका बंदच ठेवतो, नाहीतर कड फुटून भोक वाटीसारखं होतं आणि स्क्रूसाठी ठोकलेली गिट्टी सैल बसते. हे मला माहीत असून मी चिऱ्यावरच्या परीक्षेला भुललो. हॅमरची परीक्षा काँक्रीटवर. टपरीपासून पन्नास पावलांवर रस्त्याखालच्या मोरीचा काँक्रीटचा कठडा होता. तिथे नेली असती तर साडेआठ हजार वाचले असते, आणि हातही.

पंधरा दिवस मशीन चिऱ्यात आणि विटांत चालली. मग पालीजवळच्या एका नव्या घरात ओटीवर झोपाळा टांगायचं काम आलं. स्लॅब भरताना कड्या सोडायच्या राहून गेल्या होत्या, म्हणून भोक पाडून फास्टनर, म्हणजे आत फुलून घट्ट बसणारे बोल्ट, मारायचे होते. झोपाळ्यावर माणसं बसणार, पोरं उड्या मारणार, तिथे भोक कच्चं चालत नाही. स्लॅब पाच इंची, म्हणून बिटला तीन इंचांवर टेप गुंडाळून खूण केली. शिडीवर भाचा चढला. तेवीस वर्षांचा, हाताने तरबेज.

मशीन आवाज खूप करत होती, पण भोक पुढे सरकेना. अर्धा इंच झालं आणि अडलं. खऱ्या रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या धक्क्याने आतला पोलादी ठोकळा बिटच्या बुडावर आदळतो. ठोका मशीन देते. माणसाने फक्त सरळ आणि घट्ट धरायचं, रेटायचं नाही. ठोकाच मिळेना म्हणून भाच्याने खांदा लावून रेटलं. मी खालून "थांब" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "अजून थोडं." ते शब्द अजून माझ्या कानात आहेत.

दुसऱ्या भोकाला बिट स्लॅबमधल्या सळईत अडकलं. बिट अडकलं की चांगल्या मशीनमधला क्लच घसरतो, मोटर फिरते पण हातात पूर्ण जोराचा पिळा येत नाही. इथे बिट थांबलं आणि मशीन फिरली. बाजूला धरायचा दांडा मशीनच्या नळीवर घसरला, मागची मूठ त्याचं मनगट घेऊन अर्धी फिरली. तो शिडीवरून माझ्या अंगावर आला. मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी मी मशीन आमच्या वायंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटरी दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. तो जुना माणूस, कमी बोलतो. त्याने आधी मशीन अंधारात चालवली. मागच्या फटींमधून निळ्या ठिणग्या दिसल्या. वर ठळक अक्षरांत 'ब्रशलेस' लिहिलेलं, आणि ठिणग्या तर मोटरमधल्या घासणाऱ्या कार्बनच्या असतात. ब्रशलेस मोटरला कार्बन नसतातच. मग उघडली. पिस्टनवरची रबरी रिंग इतकी ढिली की हवा बाजूने निसटत होती, मग ठोका कुठून येणार? क्लचच्या जागी स्प्रिंग नव्हती, गिअर सरळ शाफ्टवर ठोकून बसवलेला.

बॅटरी उघडली तेव्हा मात्र माझे पाय गार पडले. वर छापलेलं '४८ व्हीएफ, ४ एएच'. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप. व्हीएफ नावाचं विजेचं कुठलंही माप नाही. मीटर लावला तर भरलेली बॅटरी २०.६ व्होल्ट. आत सेल पाचच. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाच ओळीने जोडले की १८, पूर्ण भरल्यावर २१च्या आसपास. म्हणजे ही साधी १८ व्होल्टची बॅटरी. ४ एएच द्यायला या मापाच्या सेलच्या दोन ओळी, म्हणजे दहा सेल लागतात. दुसऱ्या ओळीच्या जागी पाच नळकांडी होती, आत वाळू. हातात घेतल्यावर वजन भरावं म्हणून. आणि सेल जास्त भरले किंवा तापले तर तोडणारी सर्किटची पट्टी नव्हती, नुसत्या वायरी. ही बॅटरी मी रोज रात्री घरात चार्जिंगला लावून झोपत होतो, बाजूच्या खोलीत आई.

पेटीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, माल कुठल्या देशातला ते नव्हतं, एमआरपी नव्हती. बाहेरून आलेल्या पेटीबंद मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पाच सेकंद पेटी फिरवून बघितली असती तर कळलं असतं.

पोलिस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मला माहीत होता, पण तक्रार करायची कोणाविरुद्ध? बिल नाही, दुकान नाही. पैसे मी रोख दिले होते, कारण "ऑनलाइन नको दादा, साहेबांना हिशोब द्यावा लागतो." गाडीचा नंबर टिपला नाही. पैसे आलेले नाहीत आणि येतील असं वाटतही नाही.

नवी मशीन मी हप्त्यावर, दुकानातून, बिल आणि वॉरंटी कार्डासह घेतली. दुकानदाराला मागच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर १२ मिलिमीटरचं बिट चालवायला लावलं. न रेटता भोक पडलं. मग बाजूचा दांडा आवळून पिळून बघितला, हलला नाही. आता वर भोक पाडताना चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय मी कोणालाच शिडीवर चढू देत नाही. स्लॅबच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. बिट बदलताना बॅटरी आधी बाहेर. सुरुवात हळू करून खळगा पाडायचा, मग वेग. मधे मधे बिट मागे ओढून भुकटी बाहेर काढायची. सळई लागली की जागा बदलायची, झोपाळा दोन इंच सरकला तर काही बिघडत नाही. आणि तापलेलं बिट पाण्यात बुडवायचं नाही. ही सवय माझीही होती. त्याने टोकाला बसवलेलं कडक कार्बाइड तडकतं आणि तेच तुटकं टोक पुढच्या भोकात अडकतं.

भाच्याचं प्लास्टर निघालंय. मूठ अजून पुरती वळत नाही. पेचकस तो डाव्या हाताने फिरवतो आणि मी बघत असलो की थांबतो.

चार दिवसांपूर्वी लांज्याच्या एका ओळखीच्या सुताराने फोटो पाठवला. तीच पेटी, तोच रंग, तेच ४८. विचारत होता, "भाऊ, आठला मिळाली, बरी आहे ना?" मी लगेच फोन लावला. मशीन अजून वापरली नव्हती, बॅटरी चार्जिंगला लावली होती. म्हटलं, आधी स्विच बंद कर, ती बॅटरी घरातून काढून अंगणात दगडावर ठेव आणि गाडीचा नंबर कोणी बघितला असेल तर लिहून घे. मी येतोय.