ट्रॉयच्या युद्धात कुठून शिरायचं: सिनेमा, कादंबरी की मूळ ‘इलियड’?

ट्रॉयची कथा नीट समजून घ्यायची म्हणून होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य ‘इलियड’ हातात घेणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगतो. त्यात ग्रीक सैनिकांना पोटात लपवून ट्रॉय शहरात नेणारा लाकडी घोडा नाही. ग्रीक वीर अकिलीसची टाच, म्हणजे त्याच्या शरीराची एकमेव दुबळी जागा, तीही नाही. घोड्याची हकिगत होमरच्याच ‘ओडिसी’त ओझरती येते आणि सविस्तर सापडते ती रोमन कवी व्हर्जिलकडे. टाचेची गोष्ट तर होमरनंतर कित्येक शतकांनी, इ.स.च्या पहिल्या शतकातल्या स्टेशियसच्या लॅटिन काव्यात वाचायला मिळते. आज कॉम्प्युटरमधला ‘ट्रोजन’ आणि डॉक्टरांच्या तोंडचा ‘अकिलीज टेंडन’ सगळ्यांना ठाऊक आहे, पण मूळ काव्य उघडलं की या दोन्हींचा पत्ता नाही. हे माहीत नसल्याने अनेक जण निम्म्यातच हिरमुसतात.

मग ‘इलियड’मध्ये आहे काय? ग्रीक आणि ट्रॉय यांच्यात दहा वर्षं चाललेल्या युद्धातले जेमतेम पन्नासेक दिवस, आणि एका माणसाचा, म्हणजे अकिलीसचा राग. काव्याचा पहिला शब्दच ‘क्रोध’. शेवट होतो तो ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरच्या अंत्यसंस्काराने, म्हणजे शत्रूपक्षाच्या वीराला निरोप देऊन. तेव्हा ट्रॉय पडलेलं नसतं आणि अकिलीसही जिवंत असतो.

वेळ एका संध्याकाळचाच असेल, तर २००४चा ‘ट्रॉय’ बघा. वोल्फगांग पीटरसनचा हा सिनेमा पावणेतीन तासांचा आहे आणि अकिलीस झालाय ब्रॅड पिट. दहा वर्षांचं युद्ध इथे काही दिवसांत आटोपतं. हेलनचा ग्रीक नवरा मेनेलेउस, जिच्यासाठी हे युद्ध पेटलं तिचा नवरा, हेक्टरच्या हातून मरतो, होमरचा मेनेलेउस मात्र हेलनला घेऊन सुखरूप घरी परततो. सिनेमाने असे बदल केले म्हणून माझी तक्रार नाही, ग्रीक नाटककारही कथा हव्या तशा वळवत. खटकतं ते देवांना जवळपास हद्दपार करणं. काव्यात ग्रीकांच्या बाजूची देवी अथेना हेक्टरच्या भावाचं रूप घेऊन त्याच्या शेजारी उभी राहते. भाऊ मदतीला आला या भरवशावर तो अकिलीससमोर ठाकतो, भाला फेकतो, दुसरा मागायला वळतो, तर मागे कोणीच नाही. त्या क्षणी त्याला आपलं मरण कळतं. देवच काढून टाकले की हा क्षणही जातो. पण पीटर ओ’टूलचा प्रायम, म्हणजे हेक्टरचा बाप, मात्र चुकवू नका. म्हातारा राजा मुलाचं प्रेत मागायला शत्रूच्या तंबूत येतो, तो प्रसंग त्याने पेलला आहे.

मॅडलिन मिलरची ‘द साँग ऑफ अकिलीस’ (२०११) ही कादंबरी वाचायला सर्वांत सोपी. साडेतीनशेक पानं, सरळ इंग्रजी. सांगणारा अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस, आणि कथा त्याच्या व अकिलीसच्या प्रेमाची. ‘मृत्युंजय’मुळे ज्यांना कर्ण आपला वाटू लागला, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल. महाकाव्यातल्या एका माणसाच्या इतक्या जवळ जायचं की बाकीचं युद्ध त्याच्याच डोळ्यांनी दिसावं. बळ तिथेच आहे आणि मर्यादाही तिथेच. हेक्टरच्या घरात आपण कधी शिरतच नाही.

‘३००’ (२००६) हा सिनेमा या यादीत घालू नका. ती ग्रीक आणि पर्शियन यांच्यातली थर्मोपिलीची लढाई, इ.स.पू. ४८०, आणि ती ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या इतिहासातली आहे. तिथे शेवटच्या दिवशी थेस्पिया या ग्रीक नगराचे सातशे सैनिकही आपणहून थांबले होते आणि स्पार्टन उघड्या छातीने लढत नसत, एवढं लक्षात ठेवून खुशाल बघा.

मला स्वतःला विचाराल तर मी मूळ काव्याकडेच बोट दाखवीन, कारण ते दोन्ही बाजूंसाठी रडतं. चौथ्या सर्गात सिमोइसियस नावाचा ट्रॉयचा एक पोरगा मरतो. होमर त्याला वाटेला लावत नाही. थांबून सांगतो की याची आई आईबापांबरोबर मेंढरं बघायला डोंगरावर गेली होती, उतरताना सिमोइस नदीच्या काठी हा जन्मला, म्हणून हे नाव. आईबापांचं ऋण फेडायचं राहूनच गेलं. भाला छातीत घुसतो आणि तो कोसळतो, रथकाराने चाकाच्या धावेसाठी तोडून नदीकाठी वाळत टाकलेल्या झाडासारखा. सहाव्या सर्गात हेक्टर बाळाला घ्यायला हात पुढे करतो, तर शिरस्त्राणावरचा हलता तुरा बघून पोर घाबरून दाईला बिलगतं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग लेकराला उचलतो. थोड्याच दिवसांत हा बाप नसणार, हे वाचणाऱ्याला माहीत असतं.

इंग्रजी भाषांतर घेताना कवितेची भीती वाटत असेल, तर ई. व्ही. र्‍यूचं गद्य घ्या. कविताच हवी असेल, तर एमिली विल्सन (२०२३), तिची ओळ चटकन कळते आणि मोठ्याने वाचता येते. रॉबर्ट फेगल्सच्या १९९० सालच्या भाषांतराला बर्नार्ड नॉक्सची प्रस्तावना आहे, पार्श्वभूमी हवी असणाऱ्याने तेच घ्यावं. रिचमंड लॅटिमोरचं भाषांतर मूळ ओळींना धरून चालतं, ते दुसऱ्या वाचनासाठी ठेवा.

चोवीस सर्ग एकदम झेपणार नाहीत असं वाटलं, तर १, ६, १६, २२ आणि २४ वाचा. दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी बिनदिक्कत ओलांडा. चोविसावा सर्ग मात्र तुकड्यातुकड्यांनी वाचू नका. प्रायम आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो, अकिलीसला स्वतःचा म्हातारा बाप आठवतो, आणि दोघं एकाच तंबूत आपापल्या माणसांसाठी रडतात. मग अकिलीस उठतो, मेंढी कापतो आणि त्या म्हाताऱ्याला जेवू घालतो.