प्रोटीन डेटा बँकेत ई१ हेलिकेज पाहताना

१९७१ पासून चालू असलेल्या प्रोटीन डेटा बँकेची, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांच्या संग्रहाची, सेवा विनामूल्य आहे, आणि पॅपिलोमा विषाणूच्या ई१ हेलिकेजची (डीएनएचे दोन धागे उलगडून वेगळे करणाऱ्या प्रथिनाची) २००६ साली प्रसिद्ध झालेली रचना तेथे उघडली की या सेवेचे मोल कळते. सहा एकसारख्या उपघटकांच्या कड्यातून डीएनएचा एकच धागा जातो. प्रत्येक उपघटकाचा केसांच्या पिनेसारखा वळलेला फास धाग्यातील एकेक फॉस्फेट धरतो, आणि हे फास गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे मांडलेले दिसतात. ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू जोडला जाणे, त्याचे विघटन होणे व त्यातून उरलेला एडीपी सुटणे या क्रमाने फास पायरी-पायरीने उतरत धाग्याला सोबत नेतो. (जिना पाहायचा तर चित्र आडवे फिरवावे, वरून नुसते कडे दिसते.) चित्र मात्र स्थिर असल्याने ही गती पाहणाऱ्यालाच कल्पावी लागते.