३६,००० पिक्सेलचा पॅनोरमा, आणि आत एकच फोटो

एका कार्यालयाच्या स्वागतकक्षासाठी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा १० बाय ४ फुटांचा पॅनोरमा मागवला होता. ठरलं होतं असं: ट्रायपॉडवरून काढलेल्या अनेक फ्रेम जोडायच्या आणि ३०० डीपीआयची (म्हणजे छपाईत दर इंचाला ३०० ठिपके) फाईल द्यायची. निम्मे पैसे आगाऊ. आलेली फाईल खरोखरच ३६,००० बाय १४,४०० पिक्सेलची होती. आकडा जुळला म्हणून उरलेले पैसे दिले गेले आणि व्हिनाइल छापून भिंतीवर चढलं. दहा फुटांवरून झकास दिसत होतं. जवळ गेल्यावर मात्र कातळाचे थर लोण्यासारखे गुळगुळीत आणि काठावरचं गवत विंचरलेल्या केसांसारखं.

तो पॅनोरमा नव्हताच. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा वाइड लेन्सने घेतलेला एकच फोटो, म्हणजे ६,००० बाय ४,०००. वरखाली कापून ६,००० बाय २,४०० केला आणि दोन्ही बाजूंनी सहापट ताणला. छापलेल्या दर ३६ पिक्सेलमागे कॅमेऱ्याने टिपलेला एक, बाकीचे ३५ सॉफ्टवेअरने भरलेले.

दहा फुटांवरून हे का कळलं नाही? तेवढ्या अंतरावरून साधारण ३० डीपीआयपलीकडचा तपशील डोळ्याला वेगळा ओळखता येत नाही, आणि ताणलेल्या फोटोत खरे ५० होते. दोन फुटांवर मात्र डोळा जवळपास १४० मागतो. म्हणून भिंतीवरच्या प्रिंटला खरे १५० डीपीआय भरपूर होतात. ३०० चा आग्रह हे गिऱ्हाइकाला भुलवायचं गाजर आहे. काही जण तर पिक्सेल तेच ठेवून फाईलमधला डीपीआयचा आकडा ७२ वरून ३०० करतात, त्याने काडीचाही फरक पडत नाही.

खऱ्या कामाचा हिशेब असा. १५० डीपीआयला १८,००० बाय ७,२०० पिक्सेल लागतात. त्याच कॅमेऱ्यावर (सेन्सर फुल-फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा असेल तर) ५० मिमी लेन्स, कॅमेरा उभा, शेजारच्या फ्रेमशी ३० टक्के ओव्हरलॅप धरला तर दर १९ अंशांना एक अशा ७ फ्रेम आणि अशा २ ओळी, एकूण १४. त्यातून २०,८०० बाय १०,२०० च्या आसपास मिळतात. कडा वेड्यावाकड्या येतात, त्या कापायला एवढी जागा हवीच. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही मॅन्युअल, नाहीतर आकाशात पट्टे उमटतात. आणि कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती नव्हे, तर लेन्सच्या नो-पॅरॅलॅक्स पॉइंटभोवती फिरायला हवा (लेन्समधून आत येणारे किरण जिथे एकत्र येतात असं दिसतं तो बिंदू, बोलण्यात त्याला नोडल पॉइंट म्हणतात). नाहीतर जवळचा दगड एका फ्रेममध्ये कड्याच्या डावीकडे, दुसरीत उजवीकडे सरकतो, आणि मग फ्रेम जोडणारं सॉफ्टवेअर हगिन असो की पीटीगुई, जोड तिथे तुटलेलाच दिसतो. (गंमत म्हणजे ताणलेल्या एकाच फोटोत असली चूक कधीच नसते. 'जोड कुठे दिसतोय का बघा' असं विक्रेता छातीठोकपणे सांगतो ते त्यामुळेच.)

पैसे देण्याआधी फाईल १०० टक्क्यांवर उघडा. मग तिची एक प्रत रुंदीला ६,००० वर आणा, पुन्हा ३६,००० करा आणि फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाईलवर डिफरन्स मोडमध्ये (दोन चित्रांतला फक्त फरक दाखवणारा मोड) ठेवा. सगळं जवळपास काळं राहिलं तर आत खरा तपशील नाही. खऱ्या स्टिचिंगमध्ये, म्हणजे फ्रेम जोडून केलेल्या कामात, कातळाच्या भेगा, गवताच्या काड्या उजळतात. एआयने वाढवलेली फाईल मात्र या चाचणीला चकवते, कारण तिथे खोट्या का होईना, रेषा तयार केलेल्या असतात.

म्हणून खात्रीचा पुरावा एकच: मूळ रॉ फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाईल. त्यांचे क्रमांक ओळीने, वेळा काही सेकंदांच्या अंतराने, फोकल लेंथ आणि एक्स्पोजर सगळीकडे तेच असलं पाहिजे. या प्रकरणात त्या मागितल्यावर 'हार्ड डिस्क उडाली' हे उत्तर आलं, आणि बिलावर फक्त 'पॅनोरमा प्रिंट, १० बाय ४' लिहिलेलं असल्याने भांडायला आधार उरला नाही. फ्रेमची संख्या, लेन्स, न वाढवलेले पिक्सेल आणि रॉ फाईल सोबत देण्याची अट ऑर्डरवरच लिहून घ्या. शिवाय पूर्ण आकारातला एक फुटी तुकडा त्याच व्हिनाइलवर आधी छापून मागा. तो कड्याच्या पोताचा हवा. आकाशाचा तुकडा दिला तर परत पाठवा.