तळेगावात हस्की : देणाऱ्या संस्थेला पाचपैकी चार

सोडून दिलेल्या कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या ह्या संस्थेने पहिल्या भेटीत मला कुत्रा दाखवलाच नाही. आधी विचारलं, "कंपाउंडची भिंत किती उंच आहे?" म्हटलं, असेल चार फूट. "सहा करा, मग या." परतताना गाडीत बायको म्हणाली, "फुकट द्यायचंय, तरी केवढा तोरा!"

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव पसरलं की लोक रात्री येऊन फाटकाला कुत्री बांधून जातात, म्हणून त्यांनीच तशी विनंती केली आहे. आठ पिंजऱ्यांच्या जागेत मी गेलो तेव्हा एकोणीस कुत्री होती. मला पत्ता आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दिला, तुम्हालाही तुमचे देतील.

महिन्याभराने भिंत वाढवली, फोटो पाठवला. मग तिथल्या ताई स्वतः आल्या, टेप घेऊन. भिंत मोजली. फाटकाची कडी हलवून म्हणाल्या, "ही तो नाकाने उघडेल, कुलूप लावा." फाटकाखालच्या फटीत हात घालून म्हणाल्या, "इथून उकरून जाईल." तिथे शहाबादी फरश्या पुरायला लावल्या. मी चाकणला मेंटेनन्समध्ये आहे, ऑडिट बरीच पाहिली, पण असं नाही. शेवटी आईजवळ बसल्या. "आजी, घरभर केस होतील, चालेल ना?" आई म्हणाली, "माझं इथं विचारतंय कोण?" तेही त्यांनी फॉर्मवर लिहून घेतलं.

आमचा हस्की बंड्या तेव्हा अडीच वर्षांचा. वाकडला अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बांधलेला असायचा. निळे डोळे बघून पिल्लू घेतलेलं. मोठं झालं, सोफा फाडायला लागलं, सोसायटीत तक्रारी झाल्या, आणि मालकांना एकदम ॲलर्जी झाली. संस्थेत आला तेव्हा गळ्याला पट्ट्याची जखम आणि गोचीड ताप. त्याची जाडजूड फाईल आम्हाला मिळाली: रक्ताचे रिपोर्ट, डॉक्सीसायक्लिनचा कोर्स, रेबीजची लस, नसबंदी. आमच्याकडून ३,५०० रुपये घेतले, पावती दिली. पंधरा दिवस घरी ठेवून बघायचं, नाही जमलं तर परत. करारात अजून एक अट आहे: उद्या किंवा दहा वर्षांनी, सोडायचा झाला तर त्यांच्याकडेच आणून द्यायचा.

आता कुत्र्याबद्दल. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी ही जात बर्फावरच्या गाड्या ओढायला तयार केली. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फातून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं ते अशाच कुत्र्यांनी. त्याच कुळातले आमचे वीर मिक्सर लावला की पलंगाखाली जातात. ओढणं मात्र रक्तातच आहे. गळ्यातल्या पट्ट्याने फिरवला तेव्हा दोन दिवसांत माझा खांदा धरला. ताईंनी छातीवर कडी असलेला हार्नेस दिला, तेव्हापासून थोडं बरं आहे. रोज पहाटे पाचला घोरावडेश्वराच्या पायथ्याशी तास-सव्वा तास, रात्री पुन्हा तेवढंच. एक दिवस चुकला की कर्दळीचा वाफा उकरलेला. माझी नाइट असेल त्या आठवड्यात पहाटे बायको नेते. तोऱ्याचा विषय आता निघत नाही.

ऊन ही खरी अडचण. माझं मत विचाराल तर ही जात आपल्याकडे आणूच नये. पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये निर्बंध घातले, पण तोवर आलेल्यांची पिल्लं इथेच होत राहिली. जी बाल्कनीत बांधलेली आहेत, त्यांना काही परत सायबेरियाला धाडता येत नाही. ताईंचे नियम कडक आहेत. मार्च ते जून सकाळी सातनंतर बाहेर नाही. डांबरावर आपल्या हाताचा पंजा टेकवून बघायचा. तो सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचेही पाय भाजतात. आणि केस भादरायचे नाहीत. एका ग्रूमिंगवाल्याने मला "झिरो मारू का, गार वाटेल त्याला" असं विचारलं होतं. वरचा राठ थर उन्हापासून वाचवतो, आतला मऊ तेवढा विंचरून काढायचा. कूलर कोरड्या उन्हाळ्यात ठीक, दमट हवेत उपयोग नाही. शेवटी हॉलमध्ये एसी बसवला. मे महिन्याचं बिल १,४०० चं ३,९०० झालं. आई दुपारी तिथेच आडवी होते आणि एसी कुत्र्याचा आहे असं सगळ्यांना सांगते.

खाणं मात्र अंगाच्या मानाने कमी. चिकन-भात, कधी भाकरी. लॅब्रॉडॉरवाल्यांना हे खरं वाटत नाही.

एक स्टार का कापला? "मांजरांशी जुळतं" असं सांगितलं होतं. पहिल्याच संध्याकाळी शेजारची मनी तीन तास पाण्याच्या टाकीवर बसून होती. नंतर कळलं, चाचणी एका म्हाताऱ्या, पिंजऱ्यातल्या मांजरावर घेतली होती. दुसरं म्हणजे रविवारी फोन उचलत नाहीत, आणि ह्याचं पोट नेमकं रविवारी बिघडलं. भुंकत नाही हे सांगितलं, ते खरंच. हेल काढून रडतो हे नव्हतं सांगितलं. अँब्युलन्स गेली की सुरू. संध्याकाळी आईचा हरिपाठ सुरू झाला की तोंड वर करून साथ देतो. शेजारच्या काकांना पहिल्या आठवड्यात वाटलं, आमच्याकडे कोणी गेलं.

तीन महिन्यांनी ताई न कळवता तपासणीला आल्या. वजन केलं, नखं बघितली, फरश्या अजून जागेवर आहेत का तेही पाहिलं. जाताना तो जुना फॉर्म काढून आईला विचारलं, "आजी, आता काय लिहू?" आई आत गेली आणि विंचरलेल्या केसांची फुगलेली पिशवी आणून त्यांच्यापुढे ठेवली. "आधी सांगा, ह्याची उशी होते का?"