आयनॅचरलिस्ट अ‍ॅप: जंगलात फिरणाऱ्यांनी टाकूनच घ्या
नॅशनल पार्कला जाणार असाल तर हे अ‍ॅप फोनमध्ये पाहिजेच, फुकट आहे. झाड, प्राणी, किडा कशाचाही फोटो टाकला की त्याचं नाव सुचवतं, मग जाणकार तपासतात आणि दोन तृतीयांशपेक्षा जास्त जणांचं एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड होते, मग अभ्यासकांना ती वापरता येते, बाहेरून आलेलं तण कुठवर पसरलंय हे कळायला असा डेटा लागतोच ना. २०१६ ला अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसला १०० वर्षं झाली तेव्हा तिथल्या पार्कांतल्या जीवांच्या नोंदी यातच केल्या. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं लोकेशन आपोआप लपवतं, शिकाऱ्याला आयता पत्ता मिळत नाही! फक्त किडे, बुरशीचं पहिलं सजेशन लगेच ओके करू नका, वरून-खालून दोन-तीन फोटो टाका, ओळखणाऱ्याला सोपं जातं.