सवाई की लोलापालूझा? मित्रांबरोबर एकच वीकेंड असेल तर

दिवाळी आटोपली की आमच्या नाशिकच्या ग्रुपवर दरवर्षी हा विषय निघतो. डिसेंबरात सवाईच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाला पुण्याला जायचं, की पैसे साठवून जानेवारीत लोलापालूझा या पाश्चात्त्य रॉक-पॉपच्या महोत्सवासाठी मुंबई गाठायची? दोन्ही जमवणं रजेच्या आणि खिशाच्या हिशेबात बसत नाही. मी सवाईला चार वेळा गेलो आहे, लोलाला एकदा. माझा कल सवाईकडे आहे हे आधीच सांगतो. पण लोलाची ती एक रात्र मी अजून विसरलेलो नाही, तेव्हा त्याचीही बाजू नीट मांडतो.

ज्यांनी दोन्ही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. सवाई गंधर्व म्हणजे किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर. ते 1952 साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. 2011 मध्ये भीमसेनजी गेल्यावर उत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. वर्षानुवर्षं तो रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. एरवी बुधवार ते रविवार असे पाच दिवस असतात. लोलापालूझा मूळचा अमेरिकेतला, 1991 पासूनचा. मुंबईत तो 2023 साली महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा झाला. शनिवार-रविवार दोनच दिवस, बहुतेक जानेवारीत; 2025 मध्ये मात्र मार्चच्या उन्हात झाला होता.

खर्चात तुलनाच नाही. सवाईच्या भारतीय बैठकीचं, म्हणजे खाली जमिनीवर बसायचं, पाचही दिवसांचं तिकीट शेकड्यांत येतं, खुर्चीला जास्त पडतात, आणि एकेका दिवसाचं तिकीटही मिळतं. लोलाचं दोन दिवसांचं तिकीट काही हजारांचं, आणि जितका उशीर कराल तितकं महाग. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही, मनगटावरच्या बँडमध्ये पैसे भरून खरेदी करायची, त्यामुळे किती उडाले ते घरी आल्यावर कळतं. ग्रुपमध्ये एखादा नुकता नोकरीला लागलेला असेल तर त्याला आधी बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत तो नाही म्हणणार नाही.

प्रवासाचं म्हणाल तर नाशिककरांना मुंबई सोपी. सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडली की दुपारी मैदानात. महालक्ष्मी स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे. परतीचं मात्र आधी ठरवा, कारण रविवारचा शेवटचा कार्यक्रम संपेपर्यंत संध्याकाळची पंचवटी केव्हाच गेलेली असते. पुण्याला रेल्वेचा सरळ रस्ता नाही, एसटीनेच जायचं आणि चाकणच्या कोंडीचा वेळ धरून निघायचं. 2024 पासून एक सोय झाली आहे: वाकडेवाडीला उतरायचं, शिवाजीनगरहून मेट्रोने थेट स्वारगेट, पुढे रिक्षा.

आता ऐकण्याकडे येतो, कारण निर्णय खरं तर इथेच होतो.

लोलाला एकाच मैदानात चार मंच असतात. तुम्हाला हवे असलेले दोन कलाकार एकाच वेळी दोन टोकांना असू शकतात. आम्ही पाचजण 2024 ला गेलो होतो. दुपारी चारपर्यंत आमचे तीन तुकडे झाले होते. गर्दीत फोन लागेना आणि भेटायची जागा आम्ही ठरवलेली नव्हती. दोघांची गाठ पडली ती रात्री फाटकाबाहेर. चूक आमचीच. तुम्ही जाल तेव्हा एक खूण आणि दर दोन तासांची एक वेळ ठरवूनच आत शिरा.

पण रविवारी रात्री इंग्लिश गायक स्टिंग आला. आमच्यातल्या एकाच्या वडिलांकडे त्याच्या कॅसेटी होत्या, हा त्या ऐकतच मोठा झालेला. दुपारपासून उभं राहून पाय भरून आले होते. स्टिंगने बास गिटारवर पहिला खर्ज छेडला आणि तो आधी तळव्यांना जाणवला, मग छातीत. माझा मित्र डोळे पुसत होता आणि शेजारची अनोळखी मुलगी त्याच्या खांद्यावर हात ठेवून गात होती. अशी माणसं पुन्हा भेटत नाहीत, पण त्या पाच मिनिटांत ती आपलीच असतात. हे सवाईत होत नाही, आणि त्याची ओढ मला समजते. त्याच दिवशी त्याच मैदानात अनुष्का शंकर यांची सतारही झाली, म्हणजे तिथे फक्त धांगडधिंगा असतो असं समजू नका.

सवाईला मंच एकच. सगळ्यांनी तेच ऐकायचं. हे बंधन वाटतं, पण पाचजण एकत्र राहतात ते त्यामुळेच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आल्यापासून पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफली संपल्या, याचं जुन्या श्रोत्यांना आजही वाईट वाटतं आणि मलाही वाटतं, मी त्या ऐकल्या नसल्या तरी. अलीकडे शनिवारी रात्री बारापर्यंत परवानगी असते. ते शेवटचे दोन तास सोडू नका. मालकंस, बागेश्री, दरबारी हे रात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळण्याची शक्यता तिथेच. रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून सारंगापासून भीमपलास, मुलतानीपर्यंतचे दुपारचे राग कानावर पडतात, जे एरवीच्या संध्याकाळच्या मैफलीत जवळजवळ मिळतच नाहीत.

आणि ज्याला काही कळत नाही त्याचं काय? आमच्यातला एक जिमचा ट्रेनर आहे, शास्त्रीय संगीताशी काडीचा संबंध नाही. पहिल्या वर्षी तो संथ लयीतला विलंबित ख्याल सुरू झाल्यावर बॅगेवर डोकं टेकून सरळ आडवा झाला. भारतीय बैठकीत हे चालतं, कुणी भुवया उंचावत नाही. जलद लयीतला द्रुत तीनताल सुरू झाला तसा तो उठून बसला. शेजारी एक आजी मांडीवर ताल धरत होत्या. टाळी, टाळी, मग काल, म्हणजे टाळी नसलेली जागा, आला की तळहात उलटा, पुन्हा टाळी. हा त्यांच्या हाताकडे बघत राहिला. तालाच्या आठ-दहा आवर्तनांनंतर सम, म्हणजे पहिली मात्रा, आली तेव्हा दोघांचे हात एकदमच मांडीवर पडले. आजींनी मान डोलावून त्याच्याकडे पाहिलं आणि डब्यातला एक लाडू काढून दिला. पुढच्या वर्षी सर्वांत आधी तिकिटं काढा म्हणून मागे लागला तो हाच.

म्हणून माझा सल्ला असा. पाचही जणांचं एकाच बँडवर मनापासून प्रेम असेल आणि तो बँड यंदा येत असेल, तर लोलाला जा, पैशांकडे बघू नका. कलाकारांची यादी पाहून कुणी उड्या मारत नसेल तर जाऊ नका. नुसत्या वातावरणासाठी ते फार महाग पडतं. ग्रुपमध्ये आवडीनिवडी वेगळ्या असतील, कुणाच्या गुडघ्यांना आठ तास उभं राहणं झेपत नसेल, किंवा कुणाला आईला बरोबर आणायचं असेल, तर सवाई. गप्पाही तिथेच होतात, दोन गायनांच्या मध्ये, चहाच्या रांगेत.

यंदा आम्ही पुण्याला जातोय. मागच्या खेपेला रात्री जमिनीतून थंडी चढली होती, म्हणून या वेळी दोन जाड सतरंज्या, प्रत्येकाची शाल आणि मोठा थर्मास. ट्रेनरने लाडवांचा डबा आणायचं कबूल केलंय, त्या आजी दिसल्या तर द्यायला.